एकांकिकेतलं माळवदाचं घर रंगसूचनेत कसं लिहायचं? नेपथ्य, सेट, प्रॉपर्टी... नेमके शब्द सांगा

शिवारातली_मुलगी (परभणी)

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. युवक महोत्सवासाठी आम्ही एकांकिका बसवायलोत, लिहिलीय मीच. गोष्ट आपल्याकडचीच, जुनं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर, दोन भावांची वाटणी आणि घर पाडायला नाही म्हणणारी आई. संवाद जमलेत असं सगळे म्हणायलेत पण कंसातल्या रंगसूचना लिहायला बसलं की गाडी अडायलीय. ज्या छापील संहिता वाचल्या त्यात बऱ्याच ठिकाणी 'मध्यमवर्गीय दिवाणखाना, डावीकडे स्वयंपाकघराचे दार, मध्यभागी सोफा' अशीच सुरुवात, आता आमच्या या आईच्या घरात दिवाणखानाही नाही अन सोफाही नाही. सध्या 'ग्रामीण घर, गरिबीचे वातावरण, मागे झाडे' एवढं लिहून ठेवलंय आणि दिग्दर्शन करणारा मित्र म्हणतोय की यातनं मला काहीच दिसंना.

तर विचारायचं असं की नेपथ्य, सेट, रंगमंच व्यवस्था, प्रॉपर्टी हे सगळं एकच का वेगवेगळं? डावी-उजवी कुणाची धरायची? आणि जे स्टेजवर दिसत नाही पण गोष्टीत आहे, म्हणजे बाहेरची गल्ली, वेस, शिवार, ते कुठं लिहायचं, का लिहायचंच नाही?

विंगेतला_माणूस (छत्रपती संभाजीनगर)

ताई, आधी डाव्या-उजव्याचं मिटवू कारण ऐन टायमाला सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्यावरनं होतो. डावी म्हणजे नटाची डावी. नट प्रेक्षकांकडं तोंड करून उभा राहिला की त्याच्या डाव्या हाताला जे येतं ते डावं. तरी पण संहितेच्या पहिल्याच पानावर 'डावी-उजवी नटाची' अशी एक ओळ टाकून द्या, कारण काही लेखक प्रेक्षकांची धरतेत आणि मग दार एकीकडं लागतं अन नट दुसरीकडनं येतो. प्रेक्षकांच्या जवळचा भाग डाऊन आणि मागचा अप, हे शब्द युरोपातल्या जुन्या उतरत्या स्टेजवरनं आलेत, मागची बाजू खरंच उंच असायची, आपली स्टेज सपाट आहे पण बोलताना अप राइट, डाऊन लेफ्ट असंच बोलतेत आणि तालमीत तेच सोयीचं पडतं. विंगा म्हणजे स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या आडोशाच्या, येण्या-जाण्याच्या जागा, त्या पुढून मोजायच्या, प्रेक्षकांच्या जवळची ती पहिली विंग.

आता नेपथ्य आणि सेट. बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थानं वापरतो पण काम करताना फरक आहे. नेपथ्य म्हणजे जागेचा सगळा विचार, कुठं उंच कुठं सखल, कुठनं येणं कुठनं जाणं, कोणता कोपरा कुणाचा. सेट म्हणजे त्यातलं जे लाकूड, प्लाय, कापड ठोकून उभं करतेत आणि प्रयोग संपला की टेम्पोत घालतेत ते. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून, खळ देऊन, डिस्टेंपर मारलेली भिंत. बहुतेक वेळा ४ फुटी रुंद आणि ८ फुटी उंच असते कारण प्लायची शीट ८ बाय ४ येते आणि सगळं माप तिच्यावर बसतं. लेव्हल म्हणजे चौथऱ्यासारखा प्लॅटफॉर्म. झालर म्हणजे वर आडवी टांगलेली कापडी पट्टी, तिच्यामागं लाइट झाकले जातेत. सगळ्यात मागं पांढरा किंवा फिक्कट पडदा असेल तर तो सायक्लोरामा, आपण सायक्लो म्हणतो, आकाश त्याच्यावरच उगवतं.

प्रॉपर्टीचं नीट समजून घ्या, लेखकांकडनं इथंच राहून जातं. समजा खुंटीला कंदील आहे. पूर्ण नाटकात त्याला कुणीच हात लावणार नसेल तर तो सेटवाल्याच्या यादीत, खिळ्यानं ठोकून टाकला तरी चालतो. पण दुसऱ्या प्रवेशात आई तो उतरवून काच पुसणार असेल तर तो प्रॉपर्टीत गेला, मग काच सुटी पाहिजे, पुसायचं फडकं पाहिजे, खुंटी आईच्या हाताला पोचेल अशा उंचीवर पाहिजे आणि दर प्रयोगाआधी कुणीतरी एकानं ते तपासायला पाहिजे. म्हणजे लेखकानं 'भिंतीवर कंदील' एवढं लिहिलं तर बॅकस्टेजच्या पोरांना काय कळणार? कोण वस्तूला हात लावतं हे लिहा, बाकीचं आम्ही करतो. रंगमंच व्यवस्था म्हणजे हेच सगळं वेळेवर लावणं, काढणं, प्रवेश बदलताना अंधारात खुर्ची हलवणं, ती माणसांच्या कामाची बाजू झाली.

आणि 'गरिबीचे वातावरण' काढून टाका. वातावरण सुतार करू शकत नाही. चुलीपाशी दोनच भांडी, एका दाराला कडीऐवजी सुतळी, असं लिहिलं तर ते करता येतं.

पांढरीची_माती (लातूर)

वा, माळवदावर कुणीतरी नाटक लिहायलंय हे वाचून लय बरं वाटलं. मी बांधकामातला माणूस आहे, नाटकातलं मला विंगेतल्या भाऊंएवढं कळत नाही पण घराचं सांगतो, कारण घर कळलं नाही तर सेट शहरातल्या हॉटेलातल्या गावासारखा दिसतो, सूप, कणसं अन बैलगाडीचं चाक.

माळवद म्हणजे आधी लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडव्या बारीक लाकडांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी माती जुन्या गावठाणातनं, गढीच्या आसपासनं आणायची, ती पाणी धरत नाही म्हणून. दर पावसाळ्याआधी वर माती टाकावी लागते नाहीतर गळतं. म्हणजे बघा, तुझ्या नाटकातल्या दोन भावांपैकी यंदा माती कुणी टाकली हाच एक वाद होऊ शकतो. भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन अडीच-अडीच फूट जाड. भिंतीतच देवळ्या, कोनाडे, खुंट्या, काही घरांत भिंतीच्या जाडीतनंच वर जाणारा अरुंद जिना. धान्य साठवायला बळद असतं, काही गावांत जमिनीखाली पेव. वर छताला उजेडासाठी आणि धूर जायला भोक ठेवतेत त्याला कुठं साणं म्हणतेत कुठं सवनं म्हणतेत, तुमच्या गावात काय म्हणतेत ते आजीला विचार आणि तेच लिही. मोठा वाडा असेल तर दरवाजातनं आत शिरल्या शिरल्या ढाळज, मग चौक, मग ओसरी, मग माजघर. साधं घर असेल तर अंगण, ओसरी आणि आत एक-दोन खण. घर खणांवर मोजायचं, दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, चार खणाचं घर, आठ खणाचं घर. वाटणी लिहायलीस तर हा शब्द सोडू नको, भाऊ खणच वाटून घेतेत.

दार बुटकं असतं, वाकूनच आत जावं लागतं. हे एक जरी स्टेजवर आणलं तरी घर उभं राहतं. शहरातनं आलेला धाकटा भाऊ वाकायचं विसरतो, आई न बघता वाकते.

अजून एक, हे जरा जड आहे पण लिहितोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडं अशाच घरांनी माणसं घेतली, जाड दगडी भिंती अन वर मातीचं वजन, झोपेतच सगळं अंगावर आलं. त्यानंतर लातूर-धाराशिवकडं माळवदाखाली झोपायला लोक भ्यायले, पत्रे टाकले, स्लॅब टाकले. म्हणून तुझा मोठा भाऊ घर पाडू म्हणत असेल तर तो काही दुष्टच असायला पाहिजे असं नाही, त्याला खरोखरची भीती असू शकते आणि ती सेटमध्ये दिसू शकते, एका तुळईला टेकू दिलेला, भिंतीला वरून खाली गेलेली चीर अन चिरीत कोंबलेलं शेण-माती. आईला ती चीर रोजची झालीय अन मुलाची नजर तिच्यावरनं हटत नाही.

नवा_प्रयोग (जालना)

सगळं छान आहे पण माझा मुद्दा वेगळा. ढाळज, बळद, सवनं हे शब्द परीक्षकांना आणि उद्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्रुपला कळतील का? संहिता दुसरीकडं गेली तर ते लोक काय करतील? मला वाटतं रंगसूचना सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत पाहिजे, 'जुने मातीचे घर, मागील भिंतीत दार' बस. गावाचे शब्द संवादात येऊ द्या की.

विंगेतला_माणूस (छत्रपती संभाजीनगर)

नवा_प्रयोग भाऊ, मला नाही पटत. शब्द गावचाच ठेवा आणि त्याच्या पुढं ते कसं दिसतं अन कशाला वापरतेत ते एका ओळीत लिहा, दोन्ही कामं होतेत. 'मागच्या भिंतीत बळद, कमरेएवढ्या उंचीवर लहान चौकोनी तोंड, लाकडी फळीनं झाकलेलं, आई त्यातनं हात घालून ज्वारी काढते.' हे पुण्याचा सुतारही करील. आणि शब्द काढून नुसतं 'धान्याचे कोठार' लिहिलं की तो सुतार काय करणार, एक पत्र्याची कोठी आणून ठेवणार, त्याचं काय चुकलं?

बांधकामवाल्या दादांनी भिंतीची जाडी सांगितली ना, ती सेटमध्ये सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आपल्या एकांकिकांत घर खोटं का दिसतं, तर दार उघडलं की फ्लॅटची कड दिसते, इंचभर जाडीची. उपाय सोपा आहे, पूर्ण भिंत जाड करायची गरज नाही, फक्त दाराच्या आणि कोनाड्याच्या आतल्या कडेला फूट-दीड फूट रुंदीची प्लायची पट्टी काटकोनात लावायची, त्याला दाराची जाडी म्हणतेत. प्रेक्षक तेवढीच बघतो आणि उरलेली भिंत जाड आहे हे आपोआप मानतो. दाराचा फ्लॅट मात्र कापडाचा करू नका, दार आपटलं की सगळी भिंत हलते आणि हाऊसफुल्ल हॉल हसतो. तो प्लायचाच, मागनं ब्रेस म्हणजे तिरका आधार लावून, ब्रेसवर वजन ठेवून.

छत करू नका. माळवद दाखवायचं म्हणून वर काहीतरी झाकलं की लाइट बंद झाले. दोन खांब आणि त्यावर एक तुळई, बास, ती पण वरच्या लाइटच्या रांगेला आडवी येणार नाही अशी. आणि साण्यातला उजेड वरून एका स्पॉटनं, गोल नको, चौकोनी कापलेला. आई त्या उजेडात बसून निवडते, दुपार सरकली की तिचं सूप सरकतं, असं काही लिहिलंत तर लाइटवाल्याला पण काम मिळेल आणि वेळ सांगायला संवाद लागणार नाही.

रंगपीठ (नांदेड)

चर्चा चांगली चाललीय, नाट्यशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर. शिवारातली मुलगी, तुझा तिसरा प्रश्न, जे दिसत नाही ते कुठं लिहायचं, त्याच्याकडं कुणी वळलंच नाही आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यमंडपाचं माप दिलंय, मध्यम आकाराचा लांबट मंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, त्यातला अर्धा प्रेक्षकांचा, उरलेल्या अर्ध्यात पुढं रंगपीठ म्हणजे नटांची जागा, मग त्यामागं रंगशीर्ष आणि मागं नेपथ्यगृह. म्हणजे तिथं नेपथ्य ही नट सजतात ती पडद्यामागची जागा आहे, म्हणून संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' अशी सूचना आली की आवाज आतून येतो. सजणं आणि वस्तू रचणं हे सगळं त्यांनी आहार्य अभिनयात धरलंय, अभिनयात, हे लक्षात घे. डोंगर, रथ, विमान, ढाल, ध्वज अशा बनवलेल्या वस्तूंना तिथं पुस्त म्हटलंय. म्हणजे वस्तूसुद्धा नटाबरोबर अभिनय करते हे त्या काळीच कळलेलं होतं, विंगेतल्या माणसानं कंदिलाचं जे सांगितलं ते त्याच वाटेवरचं आहे.

आणि तिथंच कक्ष्याविभाग नावाचा प्रकार आहे. रंगपीठाचे भाग कल्पनेनं ठरवायचे, हा भाग घर, हा नगर, हा अरण्य, आणि नटानं रंगपीठावर फेरी मारली की तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचला. आता हे वाचून तुला आपला तमाशा आठवला नाही का? वगात सरदार अन त्याचा नोकर एक गोल फेरी मारतात आणि 'आलं बघा गाव' म्हणतात की गाव आलं. पैठणच्या एकनाथ महाराजांची भारुडं आजही सोंग घेऊन होतात, मागं पडदा नाही की फ्लॅट नाही, देवळासमोरची फरशी तीच, पण कमरेला घुंगरू, हातात काठी घेऊन माणूस उभा राहिला की आपल्याला त्याच्या पाठीमागचा बाजार दिसायला लागतो. गोंधळात तर चौक मांडला, कलश ठेवला, दिवटी पेटली की अंगणातली तेवढी जागा वेगळी होते, तिथं मग चपला घालून कुणी जात नाही. ही जागा करायची पद्धत आपल्या अंगात मुरलेली आहे, ती सोडून दिवाणखान्याच्या मागं कशाला लागायचं?

रंगवलेले पडदे नंतर आले. नाटक कंपन्यांच्या काळात रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा, जंगलाचा पडदा, एक वर गेला की दुसरा खाली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी असे पडदे रंगवूनच नाव कमावलं आणि मग सिनेमाकडं गेले. पुढं १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी पडद्यांऐवजी तीन भिंतींची खरी वाटणारी खोली स्टेजवर उभी केली, आणि तुला छापील संहितांत जो दिवाणखाना भेटतो तो त्या वाटेनं आलाय. तो वाईट आहे असं अजिबात नाही, त्या नाटकांची माणसं त्या खोलीतच राहत होती. तुझी माणसं ओसरीवर राहतात.

म्हणून न दिसणारा परिसर जरूर लिही पण वेगळ्या परिच्छेदात, कुठल्या विंगेतनं काय आहे ते ठरवून. डाव्या पहिल्या विंगेबाहेर गल्ली आणि पुढं वेस, उजवीकडं परस, गोठा अन आड. एकदा ठरलं की मोडायचं नाही. गोठ्याकडं गेलेला माणूस वेशीकडनं परत आला की प्रेक्षकाच्या मनातलं घर कोसळतं, मग सेटवर कितीही पैसे घाला.

शिवारातली_मुलगी (परभणी)

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. आजीला फोन करून विचारलं, आमच्याकडं सवनंच म्हणतेत. रात्री बसून नव्यानं लिहिलंय, बघा बरं:

'(डावी-उजवी नटाची.) माळवदाच्या घराची ओसरी. मागच्या भिंतीत मध्याच्या थोडं उजवीकडं बुटकं दार, मोठी माणसं वाकून जातात. दाराच्या डाव्या बाजूला बळद, तोंडावर फळी, आई त्यातनं ज्वारी काढते. ओसरीला दोन खांब, वर एक तुळई, तुळईला मधोमध बाभळीचा टेकू. टेकू असा उभा आहे की ओसरीचे दोन भाग पडतात. डाव्या भागात बाज, उजव्या भागात जातं. दाराच्या वरून खाली भिंतीला चीर, शेण-मातीनं बुजवलेली. वरून सवन्याचा चौकोनी उजेड, पहिल्या प्रवेशात जात्यावर, शेवटच्या प्रवेशात बाजेवर.

परिसर: डाव्या विंगेबाहेर गल्ली, पुढं पार आणि वेस. एसटी वेशीपर्यंत येते, हॉर्न ऐकू येतो. उजव्या विंगेबाहेर परस, गोठा, गोठ्यात एकच बैल, त्याच्या गळ्यातली घाटी अधूनमधून वाजते. शेतातला आखाडा इथून दिसत नाही.'

टेकूमुळं ओसरीचे दोन भाग होतील हे लिहिता लिहिताच सुचलं, वाटणीच्या प्रवेशात भाऊ त्याच्या दोन बाजूंना बसतील.

पांढरीची_माती (लातूर)

डोळ्यासमोर उभं राहिलं गं. एकच सांगतो, टेकू तुळईच्या जोडाखाली लावतेत, जिथं लाकूड दबलंय तिथं. बरोबर मधोमध पाहिजे असेल तर तुळई मधेच तडकलेली दाखवा म्हणजे टेकूला कारण राहील. अन जात्याजवळ भिंतीला तेलकट डाग करा, पाठ टेकून टेकून पडलेला, साधारण बसलेल्या बाईच्या डोक्याच्या उंचीवर.

नवा_प्रयोग (जालना)

हे वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो, बळदाच्या पुढं फळी अन ज्वारी आलीय म्हटल्यावर कुणालाही कळेल. पण आखाडा शब्दाला मात्र टीप टाका, पश्चिम महाराष्ट्रातला माणूस कुस्तीचाच समजणार, शेतातलं घर-गोठा असा अर्थ तिकडं नाही.

विंगेतला_माणूस (छत्रपती संभाजीनगर)

छान झालंय ताई. आता कामाचं. टेकू नुसता उभा करू नका, नट त्याला धरणार, टेकणार, भांडणात ढकलणार, तो खालून लेव्हलला आणि वरून तुळईला नट-बोल्टनं घट्ट पाहिजे. ओसरी अर्धा फूट उंच लेव्हलवर घ्या म्हणजे अंगण आपोआप वेगळं दिसेल, जास्त उंच नको कारण आईचं काम करणारी मुलगी लुगड्यात दर वेळी चढ-उतर करणार आहे. जातं खरं आणू नका, दगडाचं वजन अंधारात उचलताना पायावर पडलं तर प्रयोग गेला, वरची पाळी लाकडाची करून रंगवा पण फिरली पाहिजे आणि आवाज विंगेतनं खऱ्या जात्याचाच द्या, आजीकडनं रेकॉर्ड करून आणा. बैलाच्या घाटीचं पण तसंच, मोबाइलवरनं डाऊनलोड करण्यापेक्षा खरी घाटी एका पोराच्या हातात द्या, तो संवाद ऐकून वाजवील.

सेट लावायला स्पर्धेत मोजकीच मिनिटं मिळतेत, म्हणून प्रत्येक फ्लॅटच्या मागं खडूनं नंबर टाका अन कुणी काय उचलायचं ते तालमीतच ठरवून घड्याळ लावून करून बघा. महोत्सवाच्या आधी जमलं तर हॉलवर जाऊन स्टेजची रुंदी-खोली टेपनं मोजून आणा आणि इथं टाका, मी फ्लॅटची मापं काढून देतो.